दुसरे साहेब

आमच्याकडे धान कापून, भारे बांधून खळ्यावर नेलं तरी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, गळलेल्या लोंब्यांचा सरवा उरतोच. बाया मग वाकून वाकून तो वेचत बसतात. किश्शांचंही तसंच आहे. भंडाऱ्याला आमचं एक 'पोलीस स्मृती मंडळ' होतं. जे पोलीस ड्युटीवर असताना गेले त्यांची आठवण ठेवायची, त्यांच्या घरच्यांची विचारपूस करायची, आणि ऑक्टोबरात स्मृतिदिनाला परेड ग्राउंडवरच्या स्तंभासमोर त्यांची नावं वाचायची, एवढंच मंडळाचं काम. काम गंभीर. पण मंडळ चालवणारे आम्ही सगळे जिवंत होतो ना! त्यामुळे काम खळ्यावर गेलं आणि बांधीत हे किस्से उरले.

मी या मंडळाचा चिटणीस. नाव नामदेव निंबार्ते. हे नाव तेवढं ध्यानात ठेवा, कारण सगळा घोळ याच नावाचा आहे.

आणि हेही आधीच सांगून ठेवतो, मी जळका माणूस आहे. आमची बायको म्हणते, "तुमाले पेटवाले काडी नाही लागत जी, नुसतं फुकलं तरी पेटता." तेव्हा मधूनमधून धूर दिसला तर चालवून घ्या.

*

मंडळ निघालं तेव्हा सत्तरीचं दशक अर्धं सरलं होतं. पोलीस लाईनीतल्या मारुतीच्या ओट्यावर पहिली सभा. काही रिटायर झालेले, काही माझ्यासारखे नोकरीतले. मंडळ काढायला सगळ्यांचीच हो होती. अडलं कुठे, तर अध्यक्ष कोण?

मेलेल्यांचं मंडळ, म्हणजे अध्यक्ष निदान मरता मरता वाचलेला तरी असावा, असं कोणीतरी म्हणालं. झालं! जो तो आपलं मरण घेऊन उभा राहिला.

"मले तर गोळी चाटून गेली होती!"

"चाटूनच गेली ना? लागली तं नाही! मी तं बंदोबस्तावर पुरात वाहून गेलो होतो. माहा पंचनामा लिवून झाला होता!"

चोपकर म्हणून एक होते, ठाण्यात लिहिण्याचं काम करून रिटायर झालेले. ते उभे राहिले आणि अगदी गहिवरून म्हणाले, "मी त्या दिवशी सुट्टीवर नसतो, तर आज हुतात्म्यांत माहं नाव असतं!" एखाद्याचं प्रमोशन हुकावं तसा चेहरा.

हे सगळं गिऱ्हेपुंजे जमादार ऐकत होते. आवाज असा, की परेडला त्यांनी 'सावधान' म्हटलं तर बाहेर रस्त्यावरचे सायकलवालेही उतरायचे. ते उठले आणि ओरडले, "फॉल इन!"

आम्ही सगळे, म्हातारेकोतारेसुद्धा, धावत जाऊन ओट्याखाली रांगेत उभे!

"सावधान! मी अध्यक्ष होऊन राहिलो. ज्याचा विरोध असन, त्यानं एक कदम पुढे यावं!"

आता मला सांगा, जन्मभर पोलिसात घालवलेला माणूस सावधानमधून हुकुमाशिवाय पाय उचलेल का? कोणी हललं नाही.

"विश्राम! निवड एकमतानं झाली."

चोपकर घरी जाताना माझ्यापाशी कुरकुरत होते, "मी पाय उचललाच होता बे! पन त्यानं 'आगे बढ' म्हनलंच नाही!" ते त्यांना मरेपर्यंत जाचलं.

मी रांगेत सर्वात शेवटी पोचलो होतो. जमादार म्हणाले, "शेवटचा माणूस चिटणीस!" शेवटून का होईना, माझा नंबर लागला.

*

आता नावाचं.

पोलिसात मी भरती झालो त्याच दिवशी एकोडीचा एक जण भरती झाला. त्याचंही नाव नामदेव निंबार्ते. मी वरठीकडचा, तो साकोलीकडचा. ना भाऊबंदकी, ना सोयरीक, नुसता योग. कवायतीच्या उस्तादानं नाव पुकारलं, दोघंही ओरडलो, "हजर!" उस्तादानं आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं. तो माझ्याहून दोन बोटं उंच निघाला.

"हा पयला. हा दुसरा." विषय संपला!

बक्कल नंबर होते हो दोघांचे. पण बोलताना नंबर कोण घेतो? लाईनीत, ठाण्यात, बाजारात, सगळीकडे तो निंबार्ते पयला आणि मी निंबार्ते दुसरा. दोन बोटांनी माझा जन्म गेला. मला साहेब व्हायचं नव्हतं, मेडल नको होतं. एकदा, फक्त एकदा, कोणीतरी मला 'पयला' म्हणावं एवढंच वाटायचं.

पण तो बेटा खराच पहिला. धावण्यात पहिला, कबड्डीत पहिला, मिशी त्यालाच आधी फुटली. गणपतीत लाईनीत नाटक बसलं तर तो राजा आणि मी राजाचा घोडा. घोडा तरी पूर्ण मिळावा! पुढचे पाय दुसऱ्याच कोणाचे, मी मागचे.

राग यावा असाही नव्हता तो. स्वतःचा डबा माझ्यापुढे सरकवायचा. माझी बंदूक साफ करून द्यायचा. त्यानं तर मी अजूनच जळायचो. माणसाला निदान वाईट तरी असू द्यावं!

*

माझ्या लग्नाचं स्थळ आलं लाखांदूरकडून. मुलीचा बाप आणि मामा एसटीनं भंडाऱ्याला उतरले आणि लाईनीत येऊन विचारलं, "नामदेव निंबार्ते पोलीस कोठी राह्यते?"

कोणीतरी बोट दाखवलं. पयल्याच्या क्वार्टरकडे.

त्यानं त्यांना बसवलं, चहा पाजला, गावाकडच्या धानापाण्याची चौकशी केली. त्याला वाटलं, एकोडीच्या ओळखीचे कोणी असतील. यांना वाटलं, जावई लाखात एक! मुलीचा विषय निघाला तेव्हा तो हसत सुटला. "मामाजी, माहं लगन होऊन गेलं. तुमचा नामदेव तिकडे राह्यते." आणि त्यांना स्वतः माझ्या दारात आणून सोडलं.

मी बनियनवर बसून बूट घासत होतो. सासऱ्यांनी मला वरून खाली पाहिलं, मग मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "चालते. हा बी चालते."

त्यावर आमचा संसार उभा आहे. अजूनही भांडण झालं की बायको म्हणते, "बाबानं हो म्हनलं होतं ते पयल्याले पाहून!"

*

पोलिसात सकाळी हजेरी होते. आम्ही तिला गिनती म्हणायचो. जमादार नाव घेणार, आपण 'हजर' म्हणायचं, की त्या दिवशीची ड्युटी गळ्यात. गिऱ्हेपुंजे जमादार रोज न चुकता 'निंबार्ते पयला', 'निंबार्ते दुसरा' असं पुकारायचे. मंडळ निघायच्या आधीची गोष्ट, एके दिवशी ते घाईत होते. साकोलीच्या जंगलात बैलचोर शिरल्याची खबर आली होती आणि तिकडे माणसं पाठवायची होती. त्यांनी नुसतंच पुकारलं, "नामदेव निंबार्ते!"

आता पयला की दुसरा? जो आधी बोलेल त्याची ड्युटी.

माझ्या तोंडात खर्रा होता. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं नुकतंच घोटून गालात धरलेलं. गिनतीला उभं राहून थुंकता येत नाही आणि गिळता तर येतच नाही. मी कसाबसा घोट आवरेपर्यंत तो खणखणीत बोलून मोकळा झाला, "हजर साहेब!"

जंगलात झटापट झाली, अंधारातून कुऱ्हाडीचा घाव आला, आणि पयला गेला.

मी रडलो. खूप रडलो, खोटं कशाला बोलू. पण रडता रडता आत कुठेतरी ठिणगी होतीच. इथेही आधी तोच! इथेही मला मागे टाकून गेला! माणसाचं मन काय चीज आहे, मला अजून कळलेलं नाही.

वाटलं होतं, पयलाच राहिला नाही, तेव्हा मी आता नुसता निंबार्ते होईन. कशाचं काय! पयला नसला तरी दुसरा तो दुसराच राहिला. पुढे नवे पोट्टे भरती झाले, त्यांना मागचं काही माहीत नाही. ते मला "दुसरे साहेब, दुसरे साहेब" करू लागले. त्यांना वाटायचं, दुसरे हे माझं आडनाव! एकानं तर लग्नपत्रिका पाठवली, 'श्री. नामदेवराव दुसरे, सहकुटुंब सहपरिवार.'

*

मंडळानं स्तंभ उभारला, काळ्या दगडाचा. त्यावर बक्कल नंबर कोरायचा की नाही यावर वाद झाला. मी जोर लावून म्हणालो, नंबर पाहिजेच. त्यात माझा स्वार्थ होता, हे उघड आहे. जमादार म्हणाले, "मेल्यावर नंबर कायचा? मेल्यावर मानसाले नाव असते." मग नुसती नावंच कोरली. झालं, परेड ग्राउंडवर दगडात माझं नाव आलं, आणि मी जिवंत!

एकदा आमचे मामसासरे, तेच 'हा बी चालते'वाले, कामानं भंडाऱ्याला आले. ग्राउंडवरून जाताना दगड दिसला. नाव वाचलं. तिथेच डोकं धरून खाली बसले. पोरीचं तोंड बघायची हिंमत होईना, म्हणून आमच्या घरी न येताच मिळेल त्या एसटीनं लाखांदूरला परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरचे झाडून सगळे आमच्या दारात. फाटकापासूनच हंबरडा!

मी मागच्या अंगणात ताटीआड आंघोळ करत होतो. आधी घाबरलो, कोण गेलं म्हणून. मग ऐकू येऊ लागलं.

"असा जवाई दिवा घेऊन शोधला तरी नाही भेटनार वं माय!"

"कधी वरचा शब्द नाही बोलला!"

"देवमानूस होता, देवमानूस!"

माझ्या डोळ्यांना धार लागली. इतक्या वर्षांत कोणी माझ्याबद्दल चांगलं बोललं नव्हतं. मी तांब्या हळूहळू ओतू लागलो. अजून थोडं ऐकून घ्यावं! बायको नेमकी विहिरीवर गेली होती, त्यामुळे समजावून सांगायला घरात कोणी नव्हतं. शेवटी बादलीतलं पाणी संपलं आणि मी टॉवेल गुंडाळून समोर आलो.

हंबरडा अर्ध्यावरच तुटला. मामसासऱ्यांनी माझे पाय आधी पाहिले, सरळ आहेत का. मग म्हणाले, "अरे बाप्पा! हा तं जिवंत आहे!"

सांगितलं एकदाचं. तो दगडावरचा मी नाही, पयला आहे, तो कधीचाच गेला.

सासरे एकदम खाली बसले आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं रडू लागले, "अरेरे, पयला गेला का वो!"

*

मंडळानं एकदा ठरवलं, स्मृतिदिनाला पयल्याचा मोठा फोटो लावायचा. त्याचा एकटा फोटो कोणाकडे नव्हता. भरतीच्या वेळचा आमच्या सगळ्या तुकडीचा एक ग्रुप फोटो होता. तो घेऊन चोपकर फोटोवाल्याकडे गेले आणि सांगून आले, "यातला नामदेव निंबार्ते मोठा करून दे." फोटोखाली नावं होती. नामदेव निंबार्ते दोनदा! फोटोवाल्यानं आधी दिसला तो घेतला.

स्मृतिदिन उजाडला. बडे साहेब आले, गावातली प्रतिष्ठित माणसं आली. पाहुण्यांनी पडदा ओढला. आत मी!

कोवळा, मिशी न फुटलेला, पण मीच. पाहुण्यांनी वाकून हार घातला. बिगुल वाजला. सगळे मौन पाळून उभे राहिले.

मी खाली रांगेत. वर फ्रेममध्ये मी. काय सांगू तुम्हाला! अख्खा जिल्हा माझ्यासमोर मान खाली घालून उभा होता. बोलायला हवं होतं, कळत होतं. पण छाती अशी फुगली होती, की मी म्हटलं, एवढं मौन तरी होऊन जाऊ दे.

मौन संपलं. पुढच्या खुर्चीवर पयल्याची म्हातारी आई बसली होती, एकोडीहून आलेली. तिनं डोळे बारीक करून फोटोकडे पाहिलं आणि शांत ग्राउंडवर खणखणीत म्हणाली, "काहून वो, हा तं दुसरा व्हय!"

पळापळ झाली. हार काढला. फोटो उलटा करून ठेवला. जमादार माझ्या अंगावर धावून आले, "गाढवा, सोताचा फोटो होता, तं तू काहून नाही बोललास?"

मी म्हटलं, "साहेब, मौन चालू होतं ना!"

*

चोपकरांचं आणि जमादारांचं शेवटी फाटलंच. चोपकर पोराकडे वरठीला राहायला गेले आणि तिथे जाऊन वेगळं मंडळ काढलं. अध्यक्ष ते स्वतः, उपाध्यक्ष जावई, सदस्य चाळीतली माणसं. स्टेशनजवळ फळा लागला, खुर्च्या आल्या, सतरंजी आली. मग त्यांच्या ध्यानात आलं, सगळं आहे, पण हुतात्मा कुठे आहे? जेवढे होते तेवढे आमच्या स्तंभावर!

ते आमच्या सभेत आले, पानसुपारी घेऊन. "तुमच्याकडे भरपूर आहेत. एक आमाले द्या!"

जमादार लालबुंद झाले. "हुतात्मा का पेरनीचं धान आहे का, उसनं न्याले?"

"सगळे नाही मागून राहिलो. निंबार्ते पयला द्या. त्याची वट आहे."

खोटं नाही सांगत, माझ्या मनात उकळी फुटली. जाऊ दे की पयला वरठीला! एकाच झटक्यात दगडावरचं नाव जाईल, फोटो जाईल, भंडाऱ्यात मी एकटा निंबार्ते उरेन. मी चिटणीस म्हणून उभा राहिलो आणि सूचना मांडली, "वरठीकडची मागनी रास्त आहे. विचार व्हावा."

जमादारांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी बसलोच. म्हणाले, "त्याच्या मायले विचार जाऊन."

मी एकोडीला गेलो. म्हातारी ओसरीवर धान पाखडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि सूप न थांबवता म्हणाली, "माहा पोरगा का बजारातला बईल आहे का रे, या दावनीचा त्या दावनीले बांधाले?"

चोपकरांना तसा निरोप दिला. त्यांचं मंडळ पुढे भजनी मंडळ झालं आणि जोरात चाललं.

*

म्हातारीला स्मृतिदिनाला एकोडीहून आणायचं आणि परत पोचवायचं, हे काम दरसाल माझ्याकडे. एसटीनं साकोली, तिथून भंडारा. ती मला कधी नावानं हाक मारत नसे. "दुसऱ्या, माही काठी दे. दुसऱ्या, खिडकी लाव." नामदेव म्हटलं तर तिला तिचाच आठवायचा, हे कळायचं. तरी टोचायचं.

दसरा झाला की हलकं, लवकर पिकणारं धान हाती येतं. ती नव्या धानाचे पोहे कांडून आणायची. दोन पुड्या. एक स्तंभापाशी ठेवायला, पयल्याची. एक मला. पयल्याच्या पुडीत गूळ असायचा. माझ्या पुडीत नुसते पोहे! दगडापुढचा गूळ मुंग्या खायच्या आणि मी कोरडे पोहे चघळत मुंग्यांवर जळायचो.

अगदी पहिल्या वर्षी एसटीत तिनं मला विचारलं होतं, "त्या दिवशी जमादारानं नुसतंच नाव घेतलं म्हनते. मंग तू काहून नाही बोललास रे?"

हा प्रश्न बायकोनं विचारला असता तर मी भांडलो असतो. जमादारांनी विचारला असता तर काहीबाही बोलून वेळ मारून नेली असती. तिच्यापुढे खरं तेच निघालं.

"तोंडात खर्रा होता, माय."

खिडकीबाहेर दोन्हीकडे धान पिवळं झालं होतं. त्या दिवशीही माझ्या गालात खर्रा होताच. भंडाऱ्याला उतरताना ती एवढंच म्हणाली, "थुंकून टाक."

तेव्हापासून दरसाल तेच. मी एकोडीत तिच्या ओसरीवर पाय ठेवला की आधी, "थुंक पयले. मंग बोल." मी अंगणाच्या कडेला जाऊन थुंकणार, चूळ भरणार, मगच ती काठी उचलणार. घरी बायकोचं ऐकलं नाही, दवाखान्यात डॉक्टरचं ऐकलं नाही. तिच्यापुढे मात्र थुंकायचो.

*

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी जमादार फार थकले. कान गेले, आठवण फाटली. सभेत मला विचारायचे, "निंबार्ते, पयला काहून नाही आला आज?"

पण स्तंभासमोर नावं वाचायचा मान ते सोडेनात. मी चिटणीस, इतकी वर्षं खुर्च्या मांडल्या, फुलं आणली, पाहुणे सांभाळले. मला वाटायचं, आता मी वाचावीत. एका सभेत धीर करून म्हणालोही. जमादारांनी टेबलावर मूठ आपटली. "गिनती मी घेनार! हातपाय चालून राहिले तवापर्यंत मीच घेनार!" मी आतल्या आत जळत खुर्च्या मोजू लागलो.

नावं वाचताना ते दरवर्षी आधी 'हुतात्मा' शब्द लावायचे. "हुतात्मा नामदेव निंबार्ते." तो एक शब्द होता म्हणून मला आपला तो नव्हे हे कळायचं आणि मी तोंड मिटून उभा राहायचो.

त्या वर्षी म्हातारीला घेऊन आलो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, नुसती सावली दिसायची. हात धरून पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि मी शेजारी युनिफॉर्ममध्ये सावधान उभा राहिलो. तिच्या मांडीवर दोन पुड्या.

बिगुल झाला. सगळं ग्राउंड शांत. जमादार काठी टेकत पुढे आले. त्यांनी समोर पाहिलं. समोर जवानांची रांग, सकाळचं ऊन, सगळे ताठ उभे. त्यांचा चेहराच बदलला. पाठ सरळ झाली. काठी बगलेत गेली. तो जुना आवाज लागला, ज्यानं सायकलवाले उतरायचे.

हुतात्मा नाही. पयला नाही. दुसरा नाही.

"नामदेव निंबार्ते!"

माझ्या टाचा आपोआप जुळल्या.

"हजर साहेब!"

ग्राउंडवर आवाज घुमला. बडे साहेब वळले. रांगेतल्या पोट्ट्यांची तोंडं उघडी राहिली. जमादारांनी नुसती मान हलवली, गिनतीला हलवायचे तशी, आणि पुढचं नाव घेतलं.

खालून म्हातारीनं चाचपडत माझी बाही पकडली आणि मला खाली ओढलं. मी वाकलो. तिनं माझ्या तोंडाला, गालाला हात लावून पाहिला.

"खर्रा नोता का रे तोंडात?"

"नाही, माय. तूच थुंकाले लावला ना."

तिनं मांडीवरच्या पुड्या चाचपल्या, दाबून पाहिल्या. गुळाची होती ती उचलली आणि माझ्या हातात ठेवली.

"मंग आता तूच पयला."